शक्तिमानवरचा पीटीओ : यांत्रिक विंचकडून हायड्रॉलिककडे

पार्श्वभूमी

कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या घाटांत ब्रेकडाऊन क्रेन चालवणाऱ्या एका मालकाचं हे प्रकरण. नाव-गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांच्याकडे दोन क्रेन. त्यातली थोरली जुन्या शक्तिमान ट्रकवर बांधलेली, लष्कराच्या लिलावातून वडिलांच्या काळात घेतलेली.

शक्तिमान हा जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला ट्रक. १९५९ पासून पुढची काही दशकं आपल्या लष्कराची बरीचशी ओढाताण त्यानंच केली. चारही चाकांना जोर, जाड चॅसी, साधं इंजिन, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी खोलता येईल अशी रचना. म्हणून डिस्पोजलला निघालेले शक्तिमान क्रेनवाल्यांनी आणि लाकूडवाल्यांनी उचलले. गळीत हंगामात उसानं भरलेला ट्रक घाटात कलंडला की त्याला ओढायला हलकी क्रेन पुरत नाही. अशा वेळी पुढचा भाग न उचलता जागेवर ठाम बसणारी जड गाडी लागते.

या क्रेनचं विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, पूर्ण यांत्रिक होतं. गिअरबॉक्सच्या कुशीतल्या झाकणाच्या जागी पीटीओ (पॉवर टेक-ऑफ), म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून बाहेर काढून देणारा जोड. त्याचा सरकता गिअर आतल्या काउंटर शाफ्टवरच्या, म्हणजे गिअरबॉक्समधल्या इंजिननं फिरणाऱ्या जोडशाफ्टवरच्या गिअरमध्ये घुसायचा. तिथून प्रोपेलर शाफ्ट मागे जाऊन वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) फिरवायचा आणि वर्म ड्रमला. इंजिन, क्लच आणि ड्रम यांच्यामध्ये लवचीक असं काही नाही, सगळा लोखंडाला लोखंडाचा संबंध. त्यात एकच कमजोर जागा मुद्दाम ठेवलेली होती. शाफ्ट आणि वर्म यांच्या कपलिंगमध्ये ६ मिमीची साध्या पोलादाची शिअर पिन. ताण हाताबाहेर गेला की ती तुटायची आणि बाकी सगळं वाचायचं.

अडचण

क्रेन माझ्याकडे आली ती पीटीओची बॉडी तडकल्यामुळे. राखाडी बिडाची (कास्ट आयर्नची) ओतीव बॉडी, बोल्टच्या दोन कानांमधून चीर गेलेली आणि गिअरबॉक्सचं तेल गळणारं. गिअरचे तीन दात कोपऱ्यावर उडालेले. आधीच्या एका वर्कशॉपनं ती चीर वेल्डिंगनं भरली होती. वेल्डच्या शेजारूनच नवी चीर निघाली. बिडाला वेल्डिंग केलं की बहुतेक वेळा असंच होतं, कारण तापलेल्या पट्ट्याच्या कडेला धातू कडक आणि ठिसूळ बनतो.

मालकाचा प्रश्न सोपा होता : नवी बॉडी करा आणि बसवा. मी आधी कपलिंग उघडायला सांगितलं. शिअर पिनच्या जागी ८ मिमीचा, डोक्यावर १०.९ लिहिलेला, म्हणजे जास्त ताकदीच्या ग्रेडचा बोल्ट निघाला. भोक त्यासाठी मोठं करून घेतलेलं.

ऑपरेटरनं लपवलं काही नाही. म्हणाला, "मालक, पिन तुटली की गाडी निम्म्यात लोंबकळती. दरीच्या कडंला कोण जाणार खाली नवी पिन घालायला? म्हणून घातला बोल्ट."

त्याचं म्हणणं त्याच्या जागी खरं होतं. हिशेब मात्र वेगळा निघाला. ४० मिमी त्रिज्येवर बसलेली ६ मिमीची साधी पिन साधारण ३६० न्यूटन-मीटरला कापली जाते. त्याच जागी १०.९ ग्रेडचा ८ मिमीचा बोल्ट १२०० च्या आसपास टिकतो. म्हणजे जवळजवळ साडेतीन पट. शिवाय ऑपरेटर क्लच झटक्यात सोडायचा, तेव्हा इंजिनच्या ताकदीबरोबर फ्लायव्हीलचा साठलेला जोरही शाफ्टवर येऊन आदळायचा. आता सगळ्यात कमजोर जागा पिन उरली नव्हती, बॉडीचे कान झाले होते. बॉडी तडकली यात नवल काही नव्हतं. ती इतके दिवस टिकली याचं नवल.

तेव्हा नवी बॉडी करून तोच विंच, तोच बोल्ट ठेवला, तर पुढच्या वेळी गिअरबॉक्सच्या कवचालाच चीर जाणार. आणि शक्तिमानचं गिअरबॉक्स आता दुकानात मिळत नाही, भंगारात शोधावं लागतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पिन परत घालण्याचा. बॉडी नवी, विंच जुनं, कपलिंगमध्ये ६ मिमीची पिन आणि पिना बदलायला सोपी जाळी. खर्च सर्वांत कमी. पण दरीच्या कडेला पिन तुटण्याची तक्रार तशीच राहणार आणि महिन्याभरात पुन्हा कोणीतरी बोल्ट घालणार, हे मालकालाही मान्य होतं. माणसाच्या शिस्तीवर टिकणारं संरक्षण मला इथे नको होतं.

दुसरा, पीटीओ सोडून देऊन वेगळ्या लहान डिझेल इंजिनवर हायड्रॉलिक पॉवर पॅक, म्हणजे स्वतःचं इंजिन, पंप आणि टाकी असलेला संच. तांत्रिकदृष्ट्या हा स्वच्छ पर्याय आहे. गाडीच्या गिअरबॉक्सला हातच लावायचा नाही. पण चॅसीवर जागा कमी होती, आणि पावसाळ्यात घाटात दोन इंजिनं सांभाळायची तयारी ऑपरेटरची नव्हती. गंमत म्हणजे पैशाच्या दृष्टीनं हा महाग नव्हता. मालकानं तो मनानंच बाद केला, आकड्यांनी नाही. पुढे त्यावर परत बोलावं लागलं.

तिसरा, टिपरला लागणारा बाजारातला तयार पीटीओ आणून मध्ये अॅडाप्टर प्लेट घालणं. मिस्त्रींचा कल याकडे होता. पण तयार पीटीओच्या गिअरचे दात आतल्या काउंटर शाफ्टच्या गिअरशी जुळायला मॉड्यूल (दाताचं माप), दाबकोन (दात एकमेकांना ढकलतात तो कोन) आणि दातांचा तिरकेपणा या तिन्ही गोष्टी एकच लागतात. छिद्राचे बोल्ट जुळवणं सोपं, दात जुळवणं नाही. शक्तिमानचा मूळ गिअर घेतला, तर तो दात तरी जुळलेलाच होता.

चौथा, जो शेवटी घेतला : मूळ पीटीओची गिअर-शाफ्टची रचना ठेवून बॉडी नवी, जाड आणि मोठ्या बेअरिंगची करायची, पीटीओवरून हायड्रॉलिक पंप चालवायचा, विंच हायड्रॉलिक मोटरवर न्यायचं.

निर्णयाची जागा : दातावर ओझं कशाचं येतं

इथे दोन दिवस वाद झाला. मालकाचा भाचा डिप्लोमा मेकॅनिकल, त्याचा मुद्दा ऐकायला बरा वाटणारा होता. "मामा, पीटीओमध्ये अजून एक गिअर घालून वेग वाढवू. वेग वाढला की पंप लहान लागेल, पंप लहान म्हणजे टॉर्क कमी, म्हणजे दात वाचले."

यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे. पंपाला टॉर्क खरंच कमी लागतो. पण दात वाचत नाहीत. काउंटर शाफ्टचा गिअर इंजिनच्या वेगाला बांधलेला आहे. त्याच्या दातावर येणारा जोर म्हणजे घेतलेली शक्ती भागिले त्या दाताचा वेग. इंजिन एकाच वेगावर आणि काम एकच असेल, तर पुढे पंप लहान लावा की मोठा, त्या दाताला फरक पडत नाही. फरक पडायला एकतर काम कमी करा किंवा इंजिन वेगात फिरवा. वेग वाढवणारा गिअर घातला असता, तर फक्त एक जास्तीची दातांची जोडी आणि दोन जास्तीची बेअरिंगं पदरात पडली असती.

मग मागून पुढे हिशेब केला. विंचला ड्रमच्या पहिल्या थरावर ८ टन ओढ हवी, मिनिटाला ५ मीटर दोर. वर्म आणि मोटरची तूट धरून पंपाकडून साधारण १२ किलोवॅट हायड्रॉलिक शक्ती लागत होती. १६० बार दाबावर ती मिळायला मिनिटाला ४५ लिटर तेल लागतं. इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर ठेवायचं ठरलं. पीटीओचं प्रमाण आधी मोजून घेतलं होतं : इंजिनच्या १००० फेऱ्यांना पीटीओच्या ६४०. म्हणजे १२०० ला ७६८. यावर फेरीला ६३ सीसी तेल देणारा गिअर पंप बसतो.

या पंपाला १६० बारवर साधारण १८० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. दाब त्यावर गेला की रिलीफ वाल्व तेल टाकीत सोडतो. म्हणजे पीटीओला मिळणारा सर्वांत मोठा धक्का आता जुन्या पिनच्या निम्मा. आणि तुटलेली पिन बदलायला दरीत उतरावं लागत नाही, ओढ कमी केली की वाल्व आपोआप बसतो.

मालकाचा आक्षेप यावरच होता. "म्हणजे ताकद कमी झाली की!" होय, कमीच झाली. जुनं यांत्रिक विंच इंजिन बंद पडेपर्यंत ओढायचं आणि इंजिन बंद पडायच्या आत काहीतरी मोडायचं. आता ओढ ठरलेली, ८ टन, आणि दोर ड्रमवर थरावर थर चढला की तीही उतरते. चौथ्या थरावर सुमारे तीस टक्के कमी. जास्त हवी तर पुली ब्लॉक लावून दोर दुहेरी करायचा. हे समजावण्यासाठी कागदापेक्षा जुना तुटका कान जास्त कामाला आला.

प्रत्यक्ष काम

बॉडी ओतून घ्यायची की प्लेटमधून बांधायची, हाही प्रश्न होता. कोल्हापूर म्हणजे फाउंड्र्यांचं गाव. उद्यमनगरात किंवा शिरोलीत एसजी आयर्नमध्ये, म्हणजे चिवट प्रकारच्या बिडात, उत्तम ओतकाम मिळालं असतं, आणि एसजी आयर्न राखाडी बिडासारखं ठिसूळ नाही. पण एकाच नगासाठी पॅटर्न करणं परवडत नव्हतं. म्हणून २० मिमी पोलादी प्लेटची वेल्डेड बॉडी. वेल्ड केल्यावर ती भट्टीत ६०० अंशांवर तापवून हळू थंड केली, मगच मशीनवर घेतली. हा टप्पा गाळला असता तर मशीनिंगनंतर बॉडी वळली असती. दोन्ही बेअरिंगच्या जागा एकाच पकडीत बोअर केल्या.

पंपाची दिशा मागवण्याआधी ठरवून घेतली. काउंटर शाफ्ट इंजिनच्या उलट फिरतो, त्यावर बसलेला एकच गिअर पुन्हा इंजिनच्याच दिशेनं. कागदावर हे उघड असलं, तरी शाफ्टवर खडूची रेघ मारून, हातानं इंजिन फिरवून डोळ्यांनी बघितलं. गिअर पंप सहसा एकाच दिशेचा असतो. उलटा फिरवला तर त्याच्या सीलमागे दाब साठतो आणि सील बाहेर फेकलं जातं.

गिअर किती खोल बसतो हे बॉडीखालच्या पॅकिंगवर ठरतं. इथे पॅकिंग फक्त गळती थांबवत नाही, ते शिमचं, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ पट्टीचं काम करतं. दातांमधली फट, बॅकलॅश, ०.१५ ते ०.३० मिमीमध्ये हवी. डायल गेजनं ०.२२ मिळाली.

बाकी होज, टाकी, फिल्टर यांत सांगण्यासारखं थोडंच. सक्शन सव्वा इंची घेतली म्हणजे तेलाचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आत राहतो. टाकी शंभर लिटरची. बूमच्या (क्रेनच्या उचलणाऱ्या हाताच्या) सिलिंडरवरच लोड होल्डिंग वाल्व बसवला, होज फुटली तरी बूम खाली येऊ नये म्हणून. कायद्याची बाजूही याच वेळी निपटली. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ रचनेला सोडून केलेल्या बदलांबद्दल कडक निकाल दिला आहे. ही गाडी क्रेन म्हणूनच नोंदलेली होती, तरी काम सुरू करण्याआधी आरटीओकडे लेखी विचारणा केली आणि नंतर वजन करून घेतलं.

पहिली चाचणी आणि चुकीचा संशय

इंजिन १२०० वर नेऊन विंचला ओढ दिली आणि खालून घुरघुर सुरू झाली. मिस्त्रींनी कान लावला. "बॅकलॅश कमी पडलाय. अजून एक पॅकिंग घाला."

पीटीओ उतरवला, ०.२५ मिमीचं एक पॅकिंग वाढवलं, पुन्हा चढवला. तेवढ्या पॅकिंगनं बॅकलॅश साधारण ०.१५ नं वाढतो, गेजवर ०.३७ दिसले. घुरघुर तशीच राहिली, वर मोकळ्या चालीत दातांची खडखड सुरू झाली.

खरं तर आवाजानंच उत्तर दिलं होतं. पीटीओचा गिअर २४ दातांचा. ७६८ फेऱ्यांना दातांचा आवाज सेकंदाला तीनशेच्या वर ठोक्यांचा, म्हणजे शीळ घातल्यासारखा येतो. इथे ऐकू येत होती ती सेकंदाला पंचवीसच्या आसपासची जाड घुरघुर. फेरीला दोन ठोके. फेरीला दोन ठोके देणारी गोष्ट शाफ्टवर एकच असते, ती म्हणजे क्रॉस, शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटमधला अधिक-चिन्हासारखा तुकडा.

कोन मोजले. पीटीओच्या टोकाला १८ अंश, पंपाच्या टोकाला ५. क्रॉस कोनात फिरला की पुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा सावकाश फिरतो. १८ अंशांना हा चढउतार वर-खाली पाच टक्क्यांचा. दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील तर तो तिथे फिटतो. ५ अंशांनी तो फिटत नव्हता, उरलेला धक्का पंपाला आणि उलटा पीटीओच्या दातांना जात होता. पंपाचा ब्रॅकेट कापून खाली घेतला, पंप तिरका केला, दोन्हीकडे ८-८ अंश मिळाले. वाढवलेलं पॅकिंग काढलं. घुरघुर गेली.

निकाल

क्रेननं एक पूर्ण गळीत हंगाम काढला. हंगाम संपल्यावर झाकण उघडून दात पाहिले : घासल्याची खूण दाताच्या मधोमध, कडा शाबूत. गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाच्या कणांची चमक नव्हती. यांत्रिक विंचच्या काळात ऑपरेटर क्लच झटकून ओढायचा, ती सवय आता आपोआप गेली, कारण त्याला प्रतिसाद देणारं काही उरलं नाही.

एक घटना मात्र झाली. हंगामाच्या सुरुवातीला ऑपरेटर पीटीओ गिअरमध्येच ठेवून परतीला निघाला. रस्त्यावर इंजिन दुपटीनं फिरलं, पंपानं मिनिटाला नव्वद लिटर तेल फिरवलं, सव्वा इंची सक्शनला ते पुरेना. टाकी हात लावता येणार नाही इतकी तापली आणि पंप आतून ओरबाडला. पंप बदलावा लागला. पीटीओला काही झालं नाही. त्यानंतर शिफ्ट लिव्हरवर स्विच, डॅशवर लाल दिवा आणि कर्कश बझर बसवला.

आज वेगळं काय केलं असतं

दिवा आणि बझर पहिल्याच दिवशी हवा होता. यादीत तो होता. "नंतर बसवू" म्हणून मागे सरकला, कारण काम हंगामाच्या आधी संपवायची घाई होती. अर्ध्या दिवसाचं वायरिंग वाचवून पंप गेला.

कोन मोजण्याचा क्रम उलटा हवा होता. पंपाचा ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी शाफ्ट तात्पुरता बांधून दोन्ही टोकांचे कोन मोजायला पंधरा मिनिटं लागली असती. गिअरबॉक्स उघडणं हे शेवटचं काम असावं.

सततच्या कामाचा मुद्दाही कमी तपासला गेला. पीटीओची ताकद सांगताना अधूनमधून चालण्याची आणि सतत चालण्याची अशी दोन मापं असतात. पंधरा मिनिटांतली पाचाहून जास्त मिनिटं भार असेल तर तो सतत धरायचा आणि क्षमता तीस टक्के कमी मानायची, हा नेहमीचा नियम. ओढण्याचं काम तुटक असतं म्हणून आम्ही निवांत राहिलो. पण उभ्या गाडीत वारा नसतो, गिअरबॉक्सचं तेल तापतं, आणि उसानं भरलेला ट्रक चढावर आणताना ओढ तासभर चालू शकते. तेलाच्या तापमानाचा काटा बसवायला हवा होता. तो अजून बसलेला नाही.

आणि वेगळ्या इंजिनाचा पर्याय. मालकाला आता दुसऱ्या क्रेनचं यांत्रिक विंचही बदलायचं आहे. ती गाडी वेगळी, तिच्या गिअरबॉक्सच्या कुशीला हात जाईल एवढीही जागा नाही. शाफ्ट बाहेर न्यायचा तर पीटीओच्या टोकाला वीस अंशांच्या खाली कोन येत नाही. या वेळी पॉवर पॅकची किंमत आधी काढली आहे, आणि चॅसीवर त्याच्यासाठी जागा होते का हे मोजायला भाच्यालाच पाठवलं आहे.